तक्रारीच्या वहीतले आभार

आप्पांनी चाळीस वर्षं छापखान्यांची मुद्रितं तपासली. त्यांच्या नजरेतून वेलांटी सुटली असं कधी झालं नव्हतं. निवृत्तीनंतरही ते घरी बसून पुस्तकं तपासत. सत्तरी ओलांडली आणि एका आरोग्याच्या पुस्तकात 'सकाळी हलका आहार घ्यावा' या जागी 'सकाळी हलका प्रहार घ्यावा' असं छापून आलं. प्रकाशक हसला, पण आप्पांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गेले काही महिने त्यांचं डोकं सकाळपासून जड असायचं. दहा पानं वाचली की जांभयांवर जांभया येत. डॉक्टरांना तपासणीत काहीच सापडलं नाही. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, आता पुरे झालं काम. माझ्याकडे राहायला या." आप्पांनाही ते पटू लागलं होतं. वयापुढे कुणाचं चालतं?

अशात एसीच्या वार्षिक देखभालीसाठी एक मेकॅनिक आली. तिशीची, खांद्याला हत्यारांची पिशवी. दारातून आत येताच ती थबकली.

"काका, खिडक्या कधी उघडता?"

"छे! खाली हमरस्ता आहे. धूळ, भोंगे. आणि हवेचं म्हणाल तर एसी दिवसभर चालूच असतो की!"

"एसी घरातलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत घरातच सोडतो. नवी हवा तो तयार करत नाही." तिने पिशवीतून हाताएवढं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. आकडा चढत चढत अडीच हजारांच्या घरात गेला. मग तिने तेच यंत्र गच्चीत नेऊन दाखवलं. तिथे तो साडेचारशेच्या आसपास आला. "आपण सोडलेला श्वास घरात किती साचलाय, ते हे सांगतं. आकडा एवढा चढला की डोकं जड होतं, झोप येते."

आप्पांनी चष्मा सारखा करून तो आकडा पुन्हा वाचला.

"या इमारतीत प्रत्येक घराला बाहेरची हवा गाळून आणणारी वेगळी नळी दिलेली आहे. तुमची कुठे गेली?"

आप्पांनी ओशाळून पुस्तकांच्या कपाटामागे बोट दाखवलं. काही महिन्यांपूर्वी तिथून धूळ येते म्हणून त्यांनीच जाळीवर जाड पुठ्ठा ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टी लावली होती. काम इतकं चोख, की पट्टी सोलताना मेकॅनिकला घाम फुटला. आतला फिल्टर काळाकुट्ट झाला होता.

"फिल्टर बदलला असता तर धूळ आली नसती," ती म्हणाली. "तुम्ही तर चक्क घराचं नाकच दाबलंत!"

तिने नवा फिल्टर बसवला, आतला पंखा पुसला, दर तीन महिन्यांनी काय करायचं ते कागदावर लिहून दिलं. त्या कागदात ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका होत्या. आप्पांनी एकीलाही हात लावला नाही.

आठवड्याभरात डोकं हलकं झालं. पंधरवड्याने त्यांनी एका बैठकीत साठ पानं वाचली आणि लेकीला कळवलं, "येईन, पण पाहुणा म्हणून!"

मग त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडचा कारकून म्हणाला, "तक्रार काय आहे?"

"तक्रार नाही हो. तुमच्या मेकॅनिकबाईंचे आभार मानायचेत."

"आभारांना आमच्याकडे रकाना नाही, काका."

"मग तक्रारीच्याच रकान्यात लिहा. सांगतो मी. 'मी म्हातारा झालो असं सगळ्यांनी सांगितलं. या मुलीने कारण शोधलं आणि माझं काम मला परत दिलं.' पूर्णविराम द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"काका, साहेबांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं." ती म्हणाली. "नऊ वर्षं झाली मला या कामात. यंत्र बिघडलं की लोक बोलावतात, ओरडतात. नीट चाललं की कुणाला आठवत नाही."

"आम्हा मुद्रितं तपासणाऱ्यांचंही तसंच असतं, पोरी," आप्पा म्हणाले. "चूक सुटली तरच आमची आठवण होते."

दोघंही हसले. मग आप्पांनी तिला चहाला बोलावलं आणि ती खरंच आली.