वाळवंटातली मंडळी

मी खोटं बोलले, आणि तेही प्रार्थनेच्या वेळी. मेलबर्नच्या टार्निट उपनगरात आमची मराठी ख्रिस्ती मंडळी रविवारी दुपारी एका भाड्याच्या हॉलमध्ये जमते. उपासना संपण्याआधी ज्याला काही मागायचं असेल तो उभा राहून प्रार्थना विनंती सांगतो. कुणाची परीक्षा असते, कुणाचा व्हिसा, कुणाचं ऑपरेशन. इकडे माझ्या नवऱ्याच्या युनिव्हर्सिटीतल्या मित्राची चाळिशीची पार्टी होती, ती पार ऑस्ट्रेलियाच्या मधल्या वाळवंटात, अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या कॅसिनोवाल्या हॉटेलात, आणि नेमकी ईस्टरच्या आदल्या दिवशी. म्हणजे उत्तम शुक्रवार, गुड फ्रायडे, आमचा रस्त्यातच जाणार. त्यात त्या दिवशीच्या, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी 'मला तहान लागली' या तहानेच्या उद्गारावर बोलायचं काम पाळकांनी मलाच दिलेलं. सरळ "पार्टीला जातोय" म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मी उभी राहिले आणि म्हणाले, वाळवंटात एक छोटी मंडळी आहे, तिच्या भेटीला आम्ही चाललो आहोत, आमच्यासाठी प्रार्थना करा. सगळ्यांनी मनापासून केली. एका काकूंनी तर वाटेसाठी चकल्यांचा डबा आणून दिला.

सासूबाई तेव्हा नगरहून आमच्याकडे आल्या होत्या. त्याही आमच्याबरोबर येणार, म्हणून त्यांनाही हेच सांगणं भाग पडलं. तेव्हापासून त्या रोज पहाटे त्या मंडळीचं नाव घेऊन, म्हणजे नाव मी सांगितलंच नव्हतं, तर "वाळवंटातली मंडळी" म्हणून प्रार्थना करू लागल्या. "तिथले पाळक कोण गं?" त्यांनी एकदा विचारलं. "गेल्यावर कळेल, आई," मी म्हणाले. नवरा नंतर स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "घोळ तू घातलायस, तूच निस्तर." पण खरं सांगायला तोही पुढे झाला नाही.

निघताना आम्ही दोघं, लेक आणि सासूबाई मिळून गाडी इतकी भरली की पार्टीच्या कपड्यांना जागाच उरेना. माझा नवा ड्रेस चुरगळू नये म्हणून मी पाण्याचं मोठं खोकं गॅरेजमध्येच ठेवायला लावलं. वाटेत घेऊ म्हटलं, आणि थोड्या बाटल्यांवर भागवत राहिलो. शुक्रवारी सकाळी नवऱ्याला लाल टेकड्यांचे फोटो हवे होते, म्हणून त्याने हायवे सोडून एका मातीच्या वाटेवर गाडी घातली. बरंच आत गेल्यावर चाकं वाळूत रुतली. जितका जोर लावावा तितकी गाडी खाली जायची. फोनला रेंज नाही, ऊन डोक्यावर, आणि सासूबाईंना मधुमेह. "आय ॲम सो थर्स्टी, आई," लेक सारखी म्हणत होती. सासूबाईंनी आपली बाटली तिला दिली आणि मला तहान नाही म्हणाल्या. त्यांचे ओठ कोरडे पडलेले मला दिसत होते.

त्याच वेळी तिकडे हॉलमध्ये माझ्याऐवजी कुणीतरी तहानेच्या उद्गारावर बोलत असणार. मी प्रार्थना करायला डोळे मिटले, पण देवाला हाक मारायची तरी कुठल्या तोंडाने? शेवटी सासूबाईच मोठ्याने म्हणाल्या, "प्रभू, आम्ही तुझ्या मंडळीकडे निघालो आहोत. वाट दाखव." धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

दुपार कलताना एक जुनी, लाल धुळीने माखलेली गाडी आली. त्यातून या भूमीच्या मूळच्या लोकांपैकी एक वयस्क बाई उतरल्या. आधी पाणी दिलं, मग आमची चाकं बघून खदखदून हसल्या. सोबतच्या माणसांनी दोर बांधून गाडी ओढून काढली. "कॉल मी आंटी," त्या म्हणाल्या. "कुठे निघाला होतात?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी हात जोडून मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "चर्च. वी कम टू सी युअर चर्च." आंटींचा चेहरा उजळला. त्यांच्या वस्तीत उत्तम शुक्रवारच्या उपासनेलाच तर त्या निघाल्या होत्या.

पत्र्याच्या शेडखाली थोडी माणसं बसली होती. त्यांच्या भाषेतलं गीत सुरू झालं, चाल ओळखीची निघाली, तशा सासूबाई मराठी शब्दांत खुशाल गाऊ लागल्या. मग आंटींनी मला उभं केलं आणि आमच्या मंडळीचा सलाम सांगायला सांगितलं. इथे पुन्हा खोटं बोलणं मला जमलं असतं. पण सासूबाई माझ्याकडेच बघत होत्या. मी इंग्रजीत सांगून टाकलं की आम्ही इथे येत नव्हतो, कॅसिनोतल्या पार्टीला चाललो होतो, आणि मंडळीला नि माझ्या सासूबाईंना मी फसवलं. मग तेच मराठीत, सासूबाईंकडे बघून. नवरा उठून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "मीही गप्प बसलो, आई," तो म्हणाला.

सासूबाई रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. पण त्या गोंधळून गेल्या होत्या. "मग मी रोज पहाटे प्रार्थना केली ती कुणासाठी?" त्यांनी विचारलं. काय म्हणतायत, असं आंटींनी विचारलं तेव्हा मी प्रश्न जसाच्या तसा सांगितला.

"फॉर अस, लव्ह," आंटी म्हणाल्या. "हू एल्स?" आणि त्यांनी सासूबाईंना आपल्या शेजारी बसवून घेतलं.

पार्टीला आम्ही गेलो नाही. ईस्टरची पहाटेची उपासना तिथेच केली. सासूबाई माझ्याशी पूर्वीसारखं बोलायला घरी परतल्यावरही बरेच दिवस लागले, आणि ते योग्यच होतं. पुढच्या रविवारी हॉलमध्ये उभी राहून मी साक्ष दिली, कॅसिनोसकट. प्रभूने माझं खोटं उघडं पाडलं असतं तरी मी काही म्हणू शकले नसते. त्याने ते नुसतं खरं करून माझ्यापुढे ठेवलं, आणि एवढी लाज मला कुठल्याही शिक्षेने वाटली नसती. त्याचे आभार मानताना अजूनही माझी मान वर होत नाही. हल्ली विनंती सांगायची वेळ आली की मी फार शब्द वापरत नाही. "प्रभू, तुला ठाऊक आहे," इतकंच म्हणते आणि बसते.