बुधवारचं आभाळ

मी पेपरात आहे. पुढच्या आठवड्याचं हवामान सांगणारी चौकट दर शनिवारी मी लिहितो. हवामान खात्याकडून आलेला अंदाज सोप्या मराठीत उतरवायचा, एवढंच काम. आभाळातलं मला ओ की ठो कळत नाही. पण काटोलजवळ संत्र्याची बाग सांभाळणारा माझा थोरला भाऊ मला मोठा जाणकार समजायचा. मोबाइलवरच्या ढगांच्या चित्रांवर त्याचा विश्वास नव्हता, आणि पेपर तो घेत नसे. घरचाच माणूस पेपरात असताना विकत कशाला घ्यायचा, म्हणायचा.

मार्चातल्या त्या शनिवारी अंदाज आला. बुधवारपासून विजा, वादळी वारा आणि जिल्ह्यात काही ठिकाणी गारपीट. मी तो नीट लिहून काढला. संध्याकाळी भावाचा फोन आला.

"हप्ता कसा हाये गा? व्यापारी मंगळवारी मजूर आणतो म्हणते. दोन दिवसांत तोडा होऊन जाईन. नाहीतं मंग शुक्रवारी येते तो."

बुधवारी माझ्या मुलीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. वडील गेल्यापासून असल्या कार्यात पाटावर बसायचा मान भावाचा. आणि हा माणूस फळाची तोड लागली की बाग सोडत नाही. माझ्या लग्नात हळदीलाही तो बागेला ओलिताची पाळी आहे म्हणून आला नव्हता. तो राग मी इतकी वर्षं जपून ठेवला होता, हे कबूल करतो. मुलीच्या सासरच्यांपुढे पाट रिकामा राहिला असता, तर मला सहन झालं नसतं.

"शुक्रवारी लाव दादा," मी म्हणालो. "काही येऊन नाही राहिलं."

"पक्कं?"

"पक्कं."

समोर माझीच चौकट छापायला तयार पडली होती. 'काही ठिकाणी' म्हणजे आमच्या बागेतच कशाला, अशी मी स्वतःची समजूत घातली. झोपही लागली, याची आज लाज वाटते.

बुधवारी नागपुरात सदरमधल्या हॉलमध्ये भाऊ वहिनीसोबत वेळेच्या आधी हजर झाला. कडक इस्त्रीचे कपडे, कपाळावर मोठा टिळा. पाहुण्यांशी इतकं गोड बोलला की सगळे खूश. पंगत बसली तेव्हा पश्चिमेकडून वारा सुटला. मी बाहेर येऊन पाहिलं. काटोलकडचं आभाळ काळंनिळं झालं होतं.

मी ऑफिसात फोन लावला, पुन्हा लावला. ढग कुठे सरकतोय, हे कोणालाच सांगता येईना. कळमेश्वरवर पड, सावनेरवर पड, कुठंही पड, असं मी उभ्या उभ्या घोकत होतो. तिथेही कोणाची तरी बाग असेल, हे कळत होतं. तरी घोकत होतो. आत भाऊ व्याह्यांना आग्रहानं जिलबी वाढत होता. त्याला आता सांगून तरी काय होणार होतं?

नागपुरात एक थेंब पडला नाही. तासाभरानं भावाचा फोन वाजला. शेजारच्या शेतकऱ्याचा होता. भावानं सगळं ऐकून घेतलं, हात धुतले आणि मुलीला आशीर्वाद देऊन मगच निघाला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं मी गेलो. झाडांखाली पाय ठेवायला जागा नव्हती, इतकी फळं पडली होती. फांद्यांवर उरली होती त्यांनाही मार लागला होता. साऱ्या बागेत संत्र्याचा वास कोंदला होता. भाऊ खाली बसून एकेक फळ उचलून फिरवून बघत होता.

"दादा, अंदाज आला होता गारपिटीचा. मीच लिहिला होता."

त्यानं हातातलं फळ खाली ठेवलं.

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तू आला नसता."

त्यानं ते फळ पुन्हा उचललं.

"आलो असतो ना गा," तो म्हणाला. "मंगळवारी तोडा लावला असता, तं तुही वहिनी इथं थांबणार होती. तुले फोन कराच्या आधीच आमचं ठरलं होतं."