आत्या आणि माझं तिसरं बोंड

माझ्या आत्याशी भांडून जिंकलेला माणूस नागभीडपासून चिमूरपर्यंत जन्माला आलेला नाही, आणि आता येऊन उपयोगही नाही. नागभीड स्टेशनात गाडी वेळेवर सुटली म्हणून ती गार्डाशी भांडली होती: "रोज उशिरा जाते, आजच काऊन घाई तुले?" लग्नाच्या पंगतीत वांग्याची भाजी अळणी निघाली, तर वाढप्याला पाटावर बसवून तीच भाजी तिनं त्याला खायला लावली. धान करपलं की मारुतीचं तेल बंद. नवरा गेल्यावर माहेरी परतली तीही कपाळावर ठसठशीत कुंकू ठेवून. कुणी विचारलंच तर म्हणे, "कपाळ माहं हाय."

अशा बाईच्या राज्यात, स्वातंत्र्य नवं नवं असताना, मी जन्मले, आणि तेही छातीवर एक बोंड जास्त घेऊन. डाव्या बोंडाच्या खाली, मसुराएवढं. सुईणीनं जीभ चावली, आजीनं डोकं धरलं. पोरीची जात! चेटकिणीची खूण म्हणतील, उद्या करून कोण घेणार? आमच्याकडे तेव्हा लेकराला काही झालं की बिब्बा घालायचे. जंगलातला बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि त्याचं कढत तेल अंगाला टेकवायचं. पोट फुगलं, बिब्बा. रडं थांबेना, बिब्बा. पाचवीच्या पूजेला बायका जमायच्या आत हे बोंडही जाळून टाकायचं, असं आजीनं ठरवलं. आई बाजेवर पडून नुसती रडत होती. बाबा बैल पाहायला म्हणून जे गेले ते जेवायलाच परतले.

आत्यानं मला मांडीवर घेतलं. "माय, गाईले चार असते त तू तिची पूजा करते. हे पोरगी तीन घेऊन आली त हिले जाळते काऊन?"

"एवढ्याशा लेकराले दुखत नाई," आजी म्हणाली.

"दुखत नाई? आण इकडे."

आजीच्या हातातली सुई ओढून आत्यानं तो तापलेला बिब्बा स्वतःच्याच मनगटावर टेकवला. ओरडली नाही, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, असं आई सांगायची. दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत टम्म सुजला, फोड आले. "आता बोल, दुखते का नाई?" आजीनं गुपचूप बिब्ब्यावर उतारा म्हणून खोबरं वाटलं आणि लेकीच्या हाताला लावत रडत बसली. बिब्ब्याचं नाव पुन्हा निघालं नाही. आणि पाचवीला आत्यानं काय करावं? मला उघडीच मांडीवर ठेवली आणि येईल त्या बाईला सांगितलं, "पाहून घ्या, तीन हायेत. मोजाचे असन त आत्ताच मोजा, मागून कुजबुज नाई पाहिजे." काय बाई होती!

पुढे माझं लग्न झालं, लेक झाली. दूध उतरलं तेव्हा त्या मसुराएवढ्या बोंडावरही एक थेंब आला. मला हसू आलं, आणि मग एकदम भडभडून आलं. आत्या असती तर तो थेंब दाखवायला तिनं अख्खं गाव गोळा केलं असतं. ती आदल्या पावसाळ्यातच गेली होती. खोलीत बाळाला पाहायला आलेल्या सासरच्या बायका बसल्या होत्या. मी पदर ओढून घेतला नाही.