अजून जाणारा महिपत

महिपत सुताराला आमच्या नाटे गावात कुणी शहाणं म्हटलं नाही, मीही नाही. होड्या चांगल्या बांधायचा, पण गिऱ्हाईक बोलत असलं की हा आपला आभाळाकडे बघायचा. मुंबईच्या गोदीत चार पावसाळे काढून आला आणि त्याचं डोकंच फिरलं. खाडीच्या टोकाला माडाच्या झापांच्या मांडवाखाली त्याने फणसाच्या लाकडाचं, तांब्याने मढवलेलं एक बंद तारू बांधायला घेतलं. म्हणे, उजेडापेक्षा जोरात जाईल. आम्ही म्हणायचो, बाबा रे, आधी राजापूरला तरी वेळेवर पोच.

सत्तावीस सालच्या मे महिन्यात एका संध्याकाळी तो त्यात बसला. पुढे तांबडा कंदील, मागे पिवळा. "येतो गो," बायकोला म्हणाला. आणि तारू होतं तिथे नुसती ओली वाळू राहिली. आवाज काही झाला नाही. कुत्री तेवढी रडली.

आमच्याकडे दर्यावर निघालेला माणूस नजरेआड होईपर्यंत दार लावत नाहीत. परत आला की भाकरतुकडा ओवाळून, पायांवर पाणी घालून मगच उंबऱ्याच्या आत घेतात. गोदावहिनी दार उघडं टाकून बसली. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला महिपत हजर! "व्याधाच्या चांदणीपर्यंत जाऊन आलंय," म्हणाला.

वहिनी भाकरतुकडा घेऊन धावली आणि वर बघून थबकली. आभाळात एक पिवळा दिवा व्याधाकडे चालला होता. त्याच्या मागोमाग तांबडा. तोंड आमच्याकडे, आणि तरी मागे मागे सरकणारा.

"अगो, मी उजेडाच्या पुढे धावलंय," महिपत समजावू लागला. "माझा उजेड मागे पडलाय, तो आता येतोय. पिवळा माझा जातानाचा, तांबडा येतानाचा. जवळचा आधी, लांबचा मागून, व्याधापासचा तर साडेआठ वर्षांनी. म्हणून मी जाताना दिसतंय. पण मी हय उभा आहे मा!"

वहिनीने भाकरी खाली ठेवली. "तुमी अजून जाताव," ती म्हणाली. "दिसताव मला."

झालं! कुत्री-मांजरं घरात आणि घरधनी पडवीत. ती त्याला वेळेवर जेवायला वाढायची, अंथरूण घालायची, पण उंबरा ओलांडू देईना. "पाव्हणे, मुक्काम किती दिवस?" असं आम्ही चिडवायचो. आधी तो हसायचा. पुढे हसेनासा झाला. एकदा वर बघत मला म्हणाला, "भागोजी, तो मीच ना? मग हय बसलाय तो कोण?" मला त्या प्रश्नाची भीती वाटली. अजून वाटते.

बत्तीसच्या माघात त्याला ताप भरला. "गोदे, आत घे. दमलंय," म्हणाला. वहिनीने वर पाहिलं. दोन्ही दिवे होते, अगदी बारीक झालेले. मग तिने आभाळाकडे पाठ केली, भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्याच्या पायांवर पाणी घातलं आणि त्याला धरून आत नेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते दार लागलं. सकाळी महिपत गेला.

"तापाने गेला, वहिनी," मी जरा रागावूनच म्हटलं.

"ताप मागेपण येऊन गेला होता, भावोजी. जाणाऱ्या माणसाला मरण नसतं. मीच त्यांना आलेलं केलं."

बायका कुंकू पुसायला आल्या तेव्हा तिने हात झटकले आणि तिन्हीसांजेला त्यांना अंगणात नेऊन वर बोट दाखवलं. "ते बघा, चाललेत. नवरा दिसतोय तोवर कुंकू कसं पुसू?" बायका गुपचूप माघारी गेल्या. दिसत तर त्यांनाही होतं. पुढे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावलं नाही, तरी ती कपाळभर कुंकू लावून दारात बसायची.

छत्तीसच्या संक्रांतीला अंधार पडता पडता ते दिवे व्याधापाशी टेकले. पिवळा आणि तांबडा एक झाले, आणि विझले.

गोदावहिनीने पदराने आपलं कुंकू आपणच पुसलं आणि हंबरडा फोडला. महिपतला जाऊन चार वर्षं होत आली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे पुन्हा समाचाराला गेलो.