चाकासारखं स्टेशन

परवा एका दवाखान्यात फिनाइलचा वास आला आणि खानदेशातल्या आमच्या रनाळ्याचा तंबूतला सिनेमा आठवला. साठीच्या दशकातली गोष्ट. क्षयाच्या दवाखान्यातून ताई थोडे दिवस घरी आली होती. मीच हट्टाने तिला सिनेमाला नेलं.

सिनेमा इंग्रजी होता. अवकाशात चाकासारखं एक प्रचंड स्टेशन फिरत होतं, त्यात माणसं राहत होती. आत पांढरा, वळत जाणारा बोळ, जाड गोल दारं, खिडकी कुठेच नाही. मला तो स्वर्ग वाटला. ताई म्हणाली, "आमना वॉर्ड असाच शे. बठ्ठं धवळं." तिथेही सगळं पांढरंच. ते स्टेशन रचणाऱ्याने आधी एखादा दवाखाना पाहिला असावा, असं आता वाटतं.

पुढे तिथली हवा गळू लागली. बाकीच्यांनी एका माणसाला पलीकडे ठेवून दार लावून घेतलं.

"त्याले काबर कोंडी दिधं?" ताईने विचारलं.

"बाकीनास्ले वाचाडाकरता," मी म्हणाले.

ती पदरात खोकली. मग हळूच म्हणाली, "मले बी सोमवारे धाडी देतीन."

सोमवारी वडिलांनी तिला परत दवाखान्यात पोचवलं. घरात आम्ही लहान भावंडं होतो. वर्षभरात ती गेली. निरोप आला त्या दिवशी आईने तिची गोधडी परसात जाळली आणि आम्हाला धुरापासून लांब उभं केलं.