आईची दोन नावं

वडील गेले आणि तेरावा आटोपल्यावर आम्हाला कळलं, की सरकारदरबारी आई त्यांची बायकोच नाही.

वडील साखर कारखान्यात फिटर होते. त्यांच्या मागं पेन्शन आईला मिळायची होती, पण त्या कागदांवर बायको म्हणून तिचं सासरचं नाव होतं. आमच्यात लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. त्या दिवसापासून बाईला तीच हाक. आईच्या आधार कार्डावर मात्र तिचं माहेरचं नाव होतं, माहेरच्या आडनावासकट.

ही करामत तिचीच. आधारचा कॅम्प लागला तेव्हा गल्लीतल्या बाया रेशनकार्ड घेऊन गेल्या. आईनं ट्रंकेतून चौथीचा शाळेचा दाखला काढला. आपण शिकलोय याचा तेवढाच पुरावा तिच्याकडं होता. "सरकारला खरं नाव सांगाय पायजे," म्हणाली. वडील हसले, "असू दे की, तिचं तिला." आम्हा शिकल्यासवरल्यांनाही त्याचं कौतुकच वाटलं. डोंबल कळत होतं आम्हाला!

पेन्शनच्या ऑफिसात खिडकीपुढं सगळ्यांचे प्रश्न ठरलेले. नंबर लिंक झालाय का, अंगठा का उमटत नाही, हयातीचा दाखला कुठं द्यायचा. त्यांना उत्तरं मिळत होती. आमचे कागद बघून साहेबांनी चष्मा काढला.

"मावशी, तुमचं नाव सांगा."

आईनं माझ्याकडं बघितलं. "कंचं सांगू गं?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. त्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं मला.

साहेबांनी लग्नाचा दाखला मागितला. लग्न दारातल्या मांडवात झालेलं, त्याची नोंद कोण करतंय! मी नोंदणीच्या ऑफिसात गेले, तर तिथला माणूस म्हणाला, "करून देतो की. नवऱ्याला सहीला घेऊन या."

"ते वारलेत. म्हणून तर दाखला पाहिजे."

"मग अवघड हाय, ताई."

नाव बदलल्याचं गॅझेट करायला घेतलं, तर अर्ज परत आला, लग्नाचा दाखला नाही म्हणून. प्रतिज्ञापत्र दिलं, तर माहेरचा साक्षीदार मागितला. आईचे आईबाप, भाऊ, सगळे गेलेले. तिला त्या नावानं ओळखणारं माणूस मी आणू कुठून? सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात. आमचे सहा महिने कधीच उलटून गेले होते.

इकडं आई बीपीची गोळी अडकित्त्यानं अर्धी करून खात होती. मी गोळ्या आणून दिल्या तर पिशवी माझ्याच हातात परत. "लेकीच्या जिवावर म्हातारपण काढू व्हय? माझी पेन्शन हाय की." मी ओरडले, रडले, शपथ घातली. बाई ढिम्म हलली नाही. मग एका सकाळी न्हाणीत चक्कर येऊन पडली. तिला उचलताना ती लहान पोरीसारखी हलकी लागली.

बरं वाटल्यावर तिनंच पुन्हा ऑफिसला न्यायला लावलं. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं तिला आत बोलावून खुर्ची दिली.

"मावशी, दोन्ही नावं तुमचीच, हे मला पटतंय हो. पण कम्प्युटर दोन बायका दाखवतोय. मी काय करू?"

आईनं पदर सावरला. मग पुढं वाकून हळूच म्हणाली, "सायेब, त्या माहेरच्या पोरीच्या मरणाचा दाखला आणला तर चालंल काय? मग मी एकटीच उरती न्हवं?"

साहेब कागद चाळायला लागले. आई मात्र माझ्याकडं वळून समजूत घातल्यासारखी म्हणाली, "पंचायतीत इचार की गं एकडाव. तसंबी तिच्यासाठी रडाय आता कोण हाय?"