बेलभंडार आणि सिव्हिलची खाट

नोकरीतले बरेच तपास आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. विहिरीचा तो तपास मात्र जसाच्या तसा आठवतो. ऐंशीच्या दशकात मी धुळे जिल्ह्यात फौजदार होतो. एका सकाळी सोनगीरच्या पलीकडच्या एका गावाचा पोलीस पाटील धापा टाकत ठाण्यात आला. गावविहिरीचं पाणी पिऊन चौघं आजारी पडली होती. तिघं सावरली, पण एका घरची तरणी सून धुळ्याच्या सिव्हिलमध्ये बेशुद्ध होती. डॉक्टरांचा निरोप होता, विष कोणतं ते लवकर कळवा, एकाचा उतारा दुसऱ्यावर चालत नाही.

पाटलाकडे खबरही तयार होती. "साहेब, बठ्ठा गावनी खंडेरावना देऊयमा बेलभंडार उचला. एकला आबा उचलत नही. तोच शे."

खंडेरावाच्या देवळात बेल आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन खोटं बोलणाऱ्याचं वाटोळं होतं, ही आमच्याकडची पक्की समजूत. जो उचलत नाही तो चोर, हा गावाचा सरळ हिशेब. आबा म्हणजे गिरणीतून निवृत्त होऊन गावी आलेला, देव न मानणारा म्हातारा. लोक त्याच्या दारात काठ्या घेऊन उभे होते. त्याला ठाण्यात आणला तो चौकशीसाठी आणि त्याहून जास्त त्याचं डोकं शाबूत राहावं म्हणून.

मी स्वतः देव मानणारा. जरा चिडूनच विचारलं, "आबा, बेलभंडार उचलला असता तर काय बिघडलं असतं?"

"माले देव मान्य नही, साहेब. मंग तेन्ही शपथ कसाले खाऊ? तेच खोटं व्हई ना."

"तुमच्या लेखी देव नाही, जगाला काही हेतू नाही. मग विष टाकायला तुम्हाला अडवणार कोण?"

म्हातारा म्हणाला, "जग कोनी कसाले बनाडं, माले ठाऊक नही. पन कोनं पोट दुखस ते माले दिसस. तेवढं पुरस. माले इचारामा येळ नका घालू साहेब, ती पोर मरी जाई."

गुन्हेगार स्वतःच्या सुटकेची घाई करतो, याला त्या पोरीची घाई होती. मी जीप काढली.

विहिरीच्या पाण्याला औषधाचा उग्र वास होता. दिवस कपाशीच्या फवारणीचे. नुकती फवारणी झालेल्या तीन घरांचे पंप मी पंचांसमोर मागवले. दोन पंपांवर औषधाचे वाळके ओघळ होते. तिसरा लख्ख धुतलेला. त्या शेतात पाण्याचा थेंब नव्हता, मग पंप धुतला कुठे?

पंपाचा मालक भला माणूस, आजारी सुनेचा शेजारी. देवळात सगळ्यांत आधी बेलभंडार त्यानेच उचलला होता. "मी तर उचला ना साहेब!" एवढंच तो म्हणत राहिला, आणि गाव माना डोलावत राहिलं. दोन थपडांत तो बोलला असता, असं हवालदाराचं मत होतं. मार खाल्लेला माणूस भीतीने भलत्याच औषधाचं नाव घेतो आणि पेशंट मरतो, हे मला माहीत होतं.

मी त्याला थेट सिव्हिलमध्ये नेला आणि सुनेच्या खाटेशी उभा केला. तोंडाला फेस, घशात घरघर, हात आखडलेले. त्याने एकदा पाहिलं, मान फिरवली, पुन्हा पाहिलं आणि खाटेची कड धरली.

"औषधना डबा मना हातमाईन विहिरमा पडना, साहेब. पंप धुतांना." रडत रडतच त्याने औषधाचं नाव सांगितलं. डॉक्टर धावले. "खंडेरावले नारय फोडं, माफी मांगी. माले वाटनं, मिटनं."

देवाशी त्याचं मिटलं होतं. त्या खाटेशी मिटवता येईना.

सून वाचली. त्याच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला, आणि तो त्याने कोर्टात कबूलही केला. आबाला घरी सोडायला मी मुद्दाम स्वतः गेलो, गावाने बघावं म्हणून. वाटेत म्हणालो, "काही म्हणा आबा, त्याच्या काळजात ती दया देवानेच घातली."

"तुमनं खरं व्हई, साहेब," म्हातारा हसला. "पन मंग तुम्ही तेले देऊयमा का बरं नही लई गयात?"

मी आजही रोज पूजा करतो. पण पुढे नोकरीत कधी कोणाला शपथेवर सोडलं नाही की शपथ घेतली नाही म्हणून धरलं नाही. माणसाला बरं-वाईट कळतं ते दुसऱ्याचं दुखणं समोर आल्यावर. जगाचा हेतू काय, हे ठरेल तेव्हा ठरो. हे पुस्तकातून नव्हे, तपासातून सांगतो. आबाच्या प्रश्नाचं उत्तर सिव्हिलच्या रस्त्याला जीप वळवली तेव्हाच मला माहीत होतं.